आरई वॉल सरकण्याची शक्यता किती? वहीवर मांडायचा हिशेब, पायरीपायरीने

ऑफिसात नवीन लागलेला एक मुलगा परवा ड्रॉइंग घेऊन आला. "सर, स्लायडिंगला फॅक्टर १.६५ आलाय. दीड लागतो. सही करता?"

"फाय किती धरलास?"

"तीस."

"तीस कुठून आणलास?"

तो जरा थांबला. मग खरं ते बोलला, "सर, सगळे तीसच धरतात."

स्लायडिंगचा फॅक्टर म्हणजे भिंत धरून ठेवणारा जोर भागिले तिला पुढे ढकलणारा जोर. फाय म्हणजे मातीच्या आतल्या घर्षणाचा कोन, अंशांत. सिंहस्थ २०२७ च्या तोंडावर नाशिकमध्ये आणि आसपास रस्त्यांची, पुलांची कामं निघाली आहेत. पुलाला जोडणारा रस्ता उंच करायचा म्हटलं की दोन्ही बाजूंना आरई वॉल येते: बाहेरून काँक्रीटचे पॅनेल, आत मुरमाचा भराव, आणि भरावात थराथराने टाकलेल्या पट्ट्या किंवा जिओग्रिड (प्लॅस्टिकची मजबूत जाळी). फ्रान्सच्या आंरी विदाल यांनी १९६३ साली पेटंट घेतलेली ही कल्पना आता इतकी अंगवळणी पडली आहे, की डिझाइन म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये आकडे भरणं एवढंच उरलंय. त्या मुलाला बसवून जो हिशेब करून दाखवला तोच इथे मांडतो. कॅल्क्युलेटर आणि एक्सेल पुरेसं आहे, महागडं सॉफ्टवेअर लागत नाही.

भिंत कशाने जाईल ते आधी ठरवा

बाहेरून बघितलं तर भिंत म्हणजे एक मोठा ठोकळा. तो पुढे सरकेल, पुढे कलेल, खालची जमीन दाबली जाऊन बसेल, किंवा खालच्या मातीसकट सगळंच घसरेल. आतून बघितलं तर ग्रिड तुटेल, ग्रिड भरावातून उपटून निघेल, किंवा पॅनेलजवळचा जोड सुटेल. प्रत्येक प्रकाराचा हिशेब वेगळा आणि शक्यताही वेगळी. गोदाकाठची काळी माती खाली तशीच ठेवली असेल, तर बाकीचं गणित करत बसू नका. ती आधी मुरमापर्यंत काढा, मग बोलू.

इथे सरकण्याचा प्रकार घेतो, कारण तो हाताने सुटतो. भिंत समजुतीसाठी रचलेली आहे: उंची ६ मीटर, ग्रिडची लांबी ४.२ मीटर (उंचीच्या ०.७ पट, नेहमीचं प्रमाण), भरावाचं वजन घनमीटरला १९ किलोन्यूटन, मागच्या भरावाचा फाय ३० अंश, तळाशी घर्षणाचा कोन २८ अंश, वर वाहनांचा भार चौरस मीटरला २० किलोन्यूटन.

प्रत्येक आकड्याला त्याचा फैलाव द्या

सगळ्या हिशेबाचा जीव या पायरीत आहे, आणि हीच पायरी लोक दोन मिनिटांत उरकतात.

फाय म्हणजे एकच आकडा नव्हे. खाणीतून सहा जागचे नमुने आणले आणि चाचणीत २६, ३४, ३०, २८, ३३, २९ असे आकडे आले असं धरा. सरासरी ३०. आता प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक काढून वर्ग करा: १६, १६, ०, ४, ९, १. बेरीज ४६. नमुने सहा, म्हणून पाचाने भागा, ९.२ येतात. वर्गमूळ ३.०३. म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन, आपला फैलाव, तीन अंश, सरासरीच्या दहा टक्के. फायसाठी हे प्रमाण साधारण २ ते १३ टक्क्यांत असतं, तेव्हा दहा टक्के म्हणजे फार वाईट नाही आणि चांगलंही नाही.

सहा चाचण्या करायला कुणी पैसे देत नसेल, तर अमेरिकेतले प्रा. डंकन यांनी २००० साली रूढ केलेली युक्ती वापरा. "या खाणीचा सगळ्यात वाईट मुरूम किती निघेल आणि सगळ्यात चांगला किती?" असं अनुभवी माणसाला विचारायचं आणि दोन टोकांमधल्या अंतराला सहाने भागायचं. २१ ते ३९ म्हणाला तर तीन आले. एक सावधगिरी बाळगा. आपण माणसं ही टोकं नेहमी एकमेकांच्या फार जवळ सांगतो. "सव्वीसच्या खाली जाणारच नाही" असं छातीठोक सांगणाऱ्याला खाणीच्या वरच्या तांबड्या थराचा नमुना दाखवा.

चाचणीचंही एक नीट बघा. साध्या डायरेक्ट शिअरची (नमुना आडवा कापून फाय काढायच्या चाचणीची) पेटी ६० मिलिमीटरची असते आणि तिच्यात ४.७५ मिलिमीटरच्या चाळणीखालचाच माल जातो. आपल्या बेसाल्टच्या मुरमात त्याहून मोठे खडे भरपूर असतात. ते बाहेर काढून उरलेल्या चुऱ्यावर चाचणी घ्यायची आणि तो फाय अख्ख्या भरावाला लावायचा, हा गैरप्रकार सगळीकडे चालतो. मोठ्या पेटीची चाचणी मागा. दिंडोरी रोडवर १९५९ पासून मेरीसारखी संशोधन संस्था असलेल्या शहरात "चाचणीची सोय कुठे आहे" हा प्रश्न शोभत नाही.

कोहेजन (मातीच्या कणांचा चिकटपणा) शून्य धरा. कोरड्या मुरमात जे दहा-पंधरा किलोपास्कल दिसतात ते आषाढात विरघळतात.

बाकीच्यांचा फैलाव आपण असा धरू: तळाच्या घर्षणकोनाला २.५ अंश, वजनाला १, वाहनभाराला ५.

सरासरीचा हिशेब

ठोकळ्याचं वजन १९ × ६ × ४.२ = ४७८.८ किलोन्यूटन, हे भिंतीच्या दर मीटर लांबीला. तळाचं घर्षण ४७८.८ × टॅन २८ = २५४.६. वाहनांचा भार इथे मदतीला धरायचा नाही, कारण गाडी ठोकळ्याच्या मागे उभी असू शकते.

मागून ढकलणारा जोर: फाय ३० ला दाबाचा गुणक ०.३३३. भरावाचा हिस्सा ०.३३३ × ०.५ × १९ × ३६ = ११४, वाहनांचा ०.३३३ × २० × ६ = ४०. एकूण १५४.

फॅक्टर २५४.६ ÷ १५४ = १.६५. इथपर्यंत तो मुलगा बरोबरच होता.

एकेक आकडा वर-खाली करा

आता बाकी सगळं तसंच ठेवून एकच आकडा त्याच्या फैलावाइतका वाढवायचा, मग तेवढाच कमी करायचा, आणि फॅक्टरमध्ये पडलेल्या फरकाचं अर्ध घ्यायचं.

मागचा फाय ३३ केला की फॅक्टर १.८७, २७ केला की १.४७. अर्धा फरक ०.२०१.
तळाचा कोन ३०.५ ला १.८३, २५.५ ला १.४८. अर्धा फरक ०.१७४.
वाहनभार २५ ला १.५५, १५ ला १.७७. अर्धा फरक ०.१०८.
वजन २० ला १.६८, १८ ला १.६३. अर्धा फरक जेमतेम ०.०२३.

चारही आकड्यांचे वर्ग करून मिळवा: ०.०४०४ + ०.०३०३ + ०.०११७ + ०.०००५ = ०.०८२९. वर्गमूळ ०.२८८. हा फॅक्टरचा स्वतःचा फैलाव, सरासरीच्या १७.४ टक्के.

पुढे जाण्याआधी ती बेरीज पुन्हा बघा. अनिश्चिततेतला जवळपास निम्मा वाटा एकट्या मागच्या भरावाच्या फायचा आहे, ३७ टक्के तळाच्या घर्षणाचा, १४ टक्के वाहनांचा. वजनाचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. साइटवर फील्ड डेन्सिटीची रजिस्टरं किती जाड असतात आणि शिअरच्या चाचण्या किती असतात ते आठवा. डेन्सिटी मोजायला हवीच, कारण कॉम्पॅक्शन ढिलं राहिलं तर फायही पडतो. पण डेन्सिटी भरली म्हणजे फाय कळला असं होत नाही.

बीटा आणि शक्यता

फॅक्टर एकपासून किती फैलाव लांब आहे, तो बीटा. (१.६५३ − १) ÷ ०.२८८ = २.२७. फॅक्टरचं वळण घंटेसारखं, म्हणजे नॉर्मल, धरून एक्सेलच्या नॉर्म-एस-डिस्ट फंक्शनमध्ये उणे २.२७ घातलं की ०.०११६ येतं. म्हणजे शंभरात एकाहून थोडं जास्त.

इथे घाईने घाबरू नका. फॅक्टर कधीच शून्याखाली जात नाही आणि वरच्या बाजूला लांब शेपूट सोडतो, म्हणून त्याला लॉगनॉर्मल वळण (लॉग घेतला की नॉर्मल होणारं) जास्त शोभतं. कृती अशी: फैलावाचं प्रमाण ०.१७४, त्याचा वर्ग ०.०३०३. त्यात एक मिळवून वर्गमूळ घ्या, १.०१५. सरासरी फॅक्टरला त्याने भागून नॅचरल लॉग घ्या, ०.४८८. मग १.०३०३ च्या लॉगचं वर्गमूळ काढा, ०.१७३. भागाकार २.८२. शक्यता ०.००२४, म्हणजे साधारण चारशेत एक.

तीच भिंत, तेच आकडे, आणि उत्तर पाचपट वेगळं. आणखी एक गंमत बघा. भागाकाराऐवजी वजाबाकी घेतली, म्हणजे घर्षण वजा जोर, तर सरासरी १००.६ आणि फैलाव ३४.९ येतो, बीटा २.८८. मांडणी बदलली की उत्तर हलतं ही या सोप्या पद्धतीची खोड आहे. हासोफर आणि लिंड यांनी १९७४ साली तिच्यावर उतारा काढला. पण इथे लॉगनॉर्मल आणि वजाबाकी एकमेकांजवळ आलेत, तेवढ्यावर मी पुढे जातो.

किती बीटा पुरे? ग्रिडचा एखादा थर तुटण्याला साधारण २.३ चालतो, कारण शेजारचे थर भार वाटून घेतात. अख्खा ठोकळा सरकण्याला वाटून घेणारं कुणी नसतं, तिथे तीनच्या पुढे हवा. आपली भिंत त्या रेषेच्या अलीकडेच आहे, आणि फॅक्टर मात्र दीडच्या वर छान दिसतोय.

पाणी

आतापर्यंतचा हिशेब कोरडा होता.

काही वर्षांपूर्वी त्र्यंबककडच्या बाजूला एका भिंतीचे पॅनेल पोटात फुगले म्हणून मला बोलावलं होतं. जुलै महिना, दोन दिवस संततधार. मी आधी वीप होल, म्हणजे पाणी बाहेर सोडणारी भोकं, बघितली. बाहेर धो धो पाऊस, आणि भोकं कोरडी ठणठणीत. तिथेच कळलं. वरून खणलं तर पॅनेलमागचं फिल्टरचं कापड तांबड्या गाळाने गेरू फासल्यासारखं झालं होतं. भरावातला मुरूम मुठीत दाबला तर त्याचा लाडू वळला, बोटांचे ठसेसुद्धा उमटले. चलनं काढून बघितली. काम अर्ध्यावर असताना खाण बदलली होती आणि नव्या खाणीचा एकही नमुना चाचणीला गेला नव्हता. हायवाचे (माल आणणाऱ्या डंपरचे) नंबर तेच, ड्रायव्हर तेच, माल वेगळा.

भरावात ७५ मायक्रॉनखालचा बारीक माल १५ टक्क्यांच्या आत आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स (माती किती चिकण ते सांगणारा आकडा) ६ च्या आत हवा, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. तो निचऱ्यासाठी आहे हे पावसाळ्यात आठवतं.

तेव्हा हिशेबात पाणी वेगळ्या प्रसंगासारखं घाला. निचरा तुंबला आणि मागे २ मीटर पाणी चढलं असं धरा. पाण्याचा आडवा जोर ०.५ × ९.८१ × ४ = १९.६. पाण्याखालच्या मातीचा जोर थोडा घटतो, ६.५ ने. एकूण जोर १६७.१. तळाला मागे दोन मीटर आणि पुढे शून्य अशी उचल, सरासरी एक मीटर: ९.८१ × ४.२ = ४१.२. तेवढं वजन कमी झालं, घर्षण २३२.७. फॅक्टर १.३९. फैलावाचं प्रमाण तेच ठेवलं तर लॉगनॉर्मल बीटा १.८३ आणि शक्यता ०.०३४.

आता निचरा तुंबण्याचीच शक्यता किती? इथे सूत्र नाही, अनुभव आहे. गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी लागलं यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. तसंच त्या ठेकेदाराच्या जुन्या भिंती पावसात जाऊन बघा. पाचातली एक तुंबलेली दिसली तर ०.२ धरा.

०.८ × ०.००२४ + ०.२ × ०.०३४ = ०.००८७. साधारण एकशे पंधरात एक. यातले ०.००६८, म्हणजे पाऊण हिस्स्याहून जास्त, पाण्याचे.

इगतपुरीच्या बाजूला नाशिक शहराच्या कितीतरी पट पाऊस पडतो. तिथे ०.२ हा आकडासुद्धा भाबडा ठरेल.

मॉन्टे कार्लो, हवं असेल तर

मॉन्टे कार्लो म्हणजे फैलावातून आकडे चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचलून तोच हिशेब हजारो वेळा करणं. वरचं उत्तर पडताळायला एक्सेलमध्ये चार स्तंभ करा. प्रत्येकात रँड फंक्शनचा आकडा नॉर्म-इन्व्हमध्ये सरासरी आणि फैलावासह घाला. पाचव्या स्तंभात फॅक्टर काढा आणि एकाखालचे किती ते मोजा. लोक हजार ओळींवर थांबतात. चारशेत एक शक्यता असेल तर हजारात दोन-तीनच सापडतील, पुन्हा कळ दाबली की पाच किंवा शून्य. दहा हजार ओळींत चोवीसच्या आसपास सापडतील, तरी चूक वीस टक्क्यांची. एक लाख ओळी केल्या तर चूक साडेसहा टक्क्यांवर येते. फायच्या स्तंभाला खाली आणि वर मर्यादा घाला, नाहीतर एखाद्या ओळीत सतरा अंशांचा मुरूम निघेल आणि त्या एका ओळीवर मीटिंगमध्ये तासभर चर्चा होईल.

दोन आकडे एकत्र हलतात हेही ध्यानात ठेवा. रोलर नीट फिरला तर वजनही वाढतं आणि फायही. शिवाय दर हायवाचा माल वेगळा असला तरी सरकण्याच्या अख्ख्या पृष्ठभागावर त्याची सरासरी होते, म्हणून ट्रकागणिक पडणाऱ्या फैलावाचा काही भाग आपोआप विरतो. खाणच कमकुवत असेल तर तो भाग विरत नाही. सगळे ट्रक एकाच दिशेने चुकतात.

आतले थर

थोडक्यात सांगतो. खालच्या, ५.४ मीटर खोलीवरच्या थराला (आतल्या भरावाचा फाय ३२, थरांत ०.६ मीटर अंतर) २२.६ किलोन्यूटनचा ताण येतो. मीटरला ८० किलोन्यूटन ताकदीची ग्रिड घेतली तर क्रीपला (सततच्या ताणाखाली हळूहळू लांबण्याला) १.६, बसवताना होणाऱ्या इजेला १.२, टिकाऊपणाला १.१ ने भागून ३७.९ उरतात. फॅक्टर १.६८. यात सगळ्यात डळमळीत आकडा १.२ चा आहे. टोकदार खडीवर जड रोलर फिरला तर तो कितीही वर जातो. त्यामुळे त्याच मालावर ग्रिड अंथरून, रोलर फिरवून, उकरून बघा.

प्रत्यक्ष भिंतींवर मोजलेले ग्रिडमधले ताण नेहमीच्या हिशेबापेक्षा बऱ्याचदा पुष्कळ कमी निघतात. म्हणून तुटण्याची हिशेबी शक्यता वास्तवाहून जास्त दिसते, आणि लोक तिच्यावरच पैसे ओततात.

उपटण्याची भीती मात्र वरच्या थरांना असते. ०.६ मीटरवरच्या थराला पॅनेलमागे घसरू पाहणाऱ्या मातीच्या पाचरीपलीकडे १.२ मीटरच लांबी उरते. विरोध ९.२, ताण ५.८, फॅक्टर १.५९. त्या ताणातला ६४ टक्के भाग वाहनांचा आहे, तेव्हा तिथे फायचा फैलाव मागे पडतो आणि भाराचा पुढे येतो. वरचे दोन थर लांब घ्या, खर्च नगण्य आहे.

मग बदलायचं काय?

त्या मुलाने विचारलं, "सर, ग्रिड साठ सेंटिमीटर वाढवू?" वाढवून बघितलं. लांबी ४.८ केली की कोरड्यात फॅक्टर १.८९, तुंबलेल्यात १.५९. पाण्यासकट एकूण शक्यता ०.००८७ वरून ०.००११ वर आली. उपाय चांगला आहे, पण खोदाई, भराव आणि ग्रिड सगळं सातव्या हिश्शाने वाढतं.

मग दुसरी बाजू मांडली. लांबी ४.२ च ठेवली. एकच खाण, वरचा तांबडा थर बाजूला, ठरावीक मालामागे शिअरची चाचणी, म्हणून फायचा फैलाव तीनवरून दोनवर. पॅनेलमागे खडीचा नीट पट्टा, जाळीदार पाइप आणि दर उन्हाळ्यात सफाई, म्हणून तुंबण्याची शक्यता ०.२ वरून ०.०२ वर. फॅक्टर १.६५ चा १.६५ च राहिला. कोरड्यातली शक्यता ०.०००४५, तुंबलेल्यातली ०.०१५, एकूण ०.०००७४. साठ सेंटिमीटर वाढवून मिळालं त्याहून कमी.

या आकड्यांना शपथेवर सांगितल्यासारखं मानू नका. ही वर्षाची शक्यता नव्हे, आणि यात ड्रॉइंग उलटं वाचणारा मुकादम धरलेला नाही. दोन पर्याय शेजारी ठेवून तोलायला हे आकडे चांगले. "दर इतक्यात एक भिंत पडेल" असं कुणाला सांगायला वापरू नका.

सही मी त्या दिवशी केली नाही. ड्रॉइंगच्या टिपेत तीन ओळी वाढवल्या: खाण बदलली तर नवी शिअर चाचणी झाल्याशिवाय हायवा रिकामा करायचा नाही. निचऱ्याचा पाइप भराव टाकायच्या आधी पाणी सोडून तपासायचा. आणि पहिल्या मोठ्या पावसात कुणीतरी छत्री घेऊन वीप होल बघून यायचं, कोरडी असली तर त्याच दिवशी फोन करायचा. मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीवर गेला, सहा गोण्या घेऊन.